दिसतंय की

संयोगितानं स्क्रीनवर बोट टेकवलं आणि त्या बोटाचं टोक सबिनाला दिसलं नाही. मनगट दिसत होतं, मनगटावरचा काळा दोरा दिसत होता, बोटाची दोन पेरं दिसत होती; पुढं नख असायला हवं तिथं मात्र स्क्रीनचाच काळा रंग होता, सपाट आणि स्वच्छ, जणू बोट तेवढंच असतं. "हे बघा की मॅडम, हितं," संयोगिता म्हणत होती. "पाण्याचे तिन्ही रेणू हायत. दिसतंय की." सबिना बघत होती. क्षयरोगाच्या जंतूचं ते प्रथिन स्क्रीनभर फितीसारखं वळसे घेत पसरलं होतं, त्याच्या खोबणीत मधोमध औषधाचा छोटा निळा रेणू अडकून बसला होता, आणि त्या दोघांना धरून ठेवणारे पाण्याचे तीन रेणू, तीन लाल ठिपके, डाव्या बाजूला वर असायला हवे होते. तिला एक दिसत होता. तिनं मान जराशी वळवली आणि नख आलं. कडेनं कुरतडलेलं, पोरीच्या नेहमीच्या काळजीचं नख, आणि त्याच्या शेजारी दोन लाल ठिपके. मान जागेवर आली आणि सगळं परत गेलं. "हे सॉफ्टवेअरच धड नाही," सबिना म्हणाली. "रेणू गाळतंय. फुकटचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?" आवाज नेहमीसारखाच निघाला. इतका नेहमीसारखा, की तो कुणी दुसरीच बाई काढतेय असं तिला वाटलं. संयोगितानं मागं वळून सम्राटकडं पाहिलं. सम्राट हा सबिनाच्याच हाताखाली काम करणारा दुसरा संशोधक विद्यार्थी. त्यानं खांदे उडवल्यासारखं केलं आणि आपल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. त्या दोघांची ती नजर सबिनाला दिसली. ती बरोबर दिसली.

रेणू त्रिमितीत दाखवणारं पैशाचं सॉफ्टवेअर यंदा कॉलेजनं पुढं चालू ठेवलं नव्हतं. संशोधन केंद्रातल्या सगळ्यांनी कुठलं तरी एक मोफत सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं आणि ते निवडायचं काम सबिनाकडं आलं, कारण प्रथिनांवर काम करणारी तीच. सम्राटनं तीन उतरवून घेतली. पहिलं माउसनं चालायचं, रंगीबेरंगी, देखणं. दुसरं इंटरनेटच्या पानातच उघडायचं, काही बसवावं लागायचं नाही. तिसरं जुन्या वळणाचं, सगळी कामं आज्ञा टाइप करून करायची, आणि चित्राबरोबर खाली अक्षरांत उत्तर द्यायचं: अमुक अणू, तमुक अणू, मधलं अंतर इतकं. पहिल्यावर सबिनानं शेरा मारला होता, पाण्याचे रेणू नीट दाखवत नाही. दुसऱ्यावरही तोच. आज संयोगितानं पहिलंच परत उघडून दाखवलं होतं, कारण गेल्या महिन्यापासून तिच्या प्रबंधातली मुख्य आकृती सबिना परत पाठवत होती. पाणी कुठं आहे? पाण्याशिवाय या रेणूला अर्थ काय? पोरीनं आकृती पुन्हा केली, पुन्हा केली, आणि मागच्या आठवड्यात जिन्याखाली उभी राहून ती रडत होती हे सबिनाला शिपाईमामांनी सांगितलं होतं. तेव्हा सबिनाला वाटलं होतं, रडू दे थोडं, काम शिकायचं म्हणजे एवढं होणारच.

दोघं जेवायला गेली तेव्हा सबिनानं दार लोटून घेतलं. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं आणि बाहेर कुणीतरी कुणाला तरी "आरं थांब की लेका" म्हणून ओरडत होतं, म्हणजे जग जागेवर होतं. तिनं पहिलं सॉफ्टवेअर उघडलं. निळ्या रेणूवर नजर रोखली, मान ताठ ठेवली, आणि उजवा डोळा हातानं झाकला. प्रथिनाचा वरचा डावा भाग गेला. काळोख झाला असता तर बरं झालं असतं. काळोखाला निदान कड असते. हे तसं नव्हतं. फीत येत होती, येता येता संपत होती, आणि पुढं तिथं काही कधी नव्हतंच. मग तिनं डावा डोळा झाकला. उजव्यातही होतं, लहानसं, त्याच जागेला. तिनं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. त्यातही. मग तिला सुचलं की पाठचा रंग बदलता येतो. तिनं तो पांढरा केला, आणि ते भोक पांढरं झालं. हिरवा केला, तर हिरवं. जो रंग द्यावा तो ते गुमान घेत होतं, घरात शिरलेल्या चोरानं घरातलेच कपडे घालून बसावं तसं. मानेच्या मागं काहीतरी सरसरत वर गेलं. तिनं तिसरं उघडलं नाही. उघडून काय दिसणार हे तिला कळलं होतं, आणि तरी मन एका कोपऱ्यात हटून म्हणत होतं, मॉनिटर जुना आहे, मॉनिटर बदलून बघावा.

मॉनिटर बदलून बघावा. असंच अम्माही म्हणायची. नेसरीच्या माहेरच्या घरात अब्बा, मौलाली पिंजारी, पुढच्या सोप्यात कापूस पिंजत बसायचे आणि आत अम्मा, सुगरा, गाद्यांच्या खोळी शिवायची. मग एका वर्षी अम्माला सुईत दोरा जाईना. तिनं सुया बदलल्या. दुकानदार हलक्या सुया देतो म्हणून ती बाजारात जाऊन भांडून आली. मग दिवा मंद झाला. "लाईट चोरत्यात मेले," ती म्हणायची, "पयल्यासारखा उजेडच न्हाय ऱ्हायला." अब्बांनी मोठा बल्ब आणला, मग त्याहून मोठा, आणि त्या पिवळ्या भगभगीत उजेडात अम्मा डोळे ताणून बसलेली असायची, घाम पुसत. मग घरातल्या वस्तू जागा सोडायला लागल्या. घागर कुणी हलवली, पाट कुणी आडवा टाकला, दाराची फळी कुणी खाली घेतली. सगळ्यांवर ती ओरडायची आणि सगळे गप्प बसायचे, कारण घागर तिथंच होती. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी शेवटी काचबिंदू म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी अब्बांना एवढंच विचारलं होतं, इतके दिवस काय करत होता? अम्मा तेव्हा साधारण आजच्या सबिनाच्या वयाची होती. हे सबिनाला माहीत होतं; दरवर्षी वाढदिवसाला हा हिशेब मनातल्या मनात होऊन जायचा, आणि दरवर्षी ती ठरवायची, एकदा दाखवून यायला हवं. मग परीक्षा असायच्या, मग पेपर तपासणी, मग मुलीची, शबनूरची, शाळा. ती काही अडाणी नव्हती. आजार आईकडून येतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं, ती स्वतः वर्गात शिकवत होती. भीतीला शिक्षणाशी देणंघेणं नसतं एवढंच.

संध्याकाळी तिनं स्कूटर कॉलेजातच ठेवली आणि रिक्षा केली. सायबर चौकात सिग्नल लागला. रिक्षातून तिनं वर पाहिलं आणि लाल दिवा लगेच सापडला, म्हणून जरा हायसं वाटलं; मग कळलं की आपण मान हलवून हलवून शोधला. असं मान हलवत आपण किती दिवस गाडी चालवतोय? मागच्या महिन्यात वळणावर एक सायकलवाला एकदम कुठून तरी उगवला होता आणि ती त्याच्यावर खेकसली होती. तो उगवला नव्हता. तो पहिल्यापासून तिथंच होता, घागरीसारखा. यादवनगरातल्या घरी पोचल्यावर तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि वरच्या कपाटाचं उघडं दार कपाळाला लागलं, परवाच्याच टेंगळावर. "परत!" ती ओरडली. "अल्ताफ, हे दार उघडं ठेवू नका म्हणून कितीदा सांगायचं?" अल्ताफ आताच लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून येऊन पाय धूत होता. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर खिळे मोजून त्याला घरात आवाज नको असायचा. "मी आत्ता येतोय गं," तो म्हणाला. "तूच सकाळी डबा काढलास की त्यातनं." मग जवळ येऊन तिच्या कपाळाकडं बघत राहिला. "काय झालंय तुला? समोरचं दार दिसत नाही?" त्यानं ते सहज विचारलं, बायकोला विचारतात तसं. सबिना म्हणाली, "डोकं दुखतंय," आणि चहा ठेवला. तेरा वर्षांची शबनूर टेबलाशी अभ्यास करत होती. तिचे डोळे आजीसारखे, मोठे, किंचित तपकिरी. लहानपणापासून सगळे कौतुकानं तसं म्हणत आलेले. सबिना त्या डोळ्यांकडं बघत राहिली, इतका वेळ की शबनूर म्हणाली, "अम्मी, काय लागलंय का माझ्या तोंडाला?"

दुसऱ्या दिवशी विभागात जाण्याआधी तिनं नेसरीला फोन लावला. अम्मा सबिनाचा भाऊ मुजम्मिल याच्याकडं राहायची. इकडचं तिकडचं झालं, गुडघे, वहिनी, ऊस तोडायला माणसं मिळत नाहीत, आणि मग सबिनानं विचारलं, "अम्मा, तुला पहिल्यांदा काय दिसेनासं झालं होतं?"

अम्मा म्हणाली, "तुला कशाला पायजे?"

"असंच. वर्गात शिकवायचंय."

"वर्गात." अम्मानं तो शब्द चावल्यासारखा उच्चारला. "काय दिसंनासं झालं ते कसं सांगू गं? दिसंना ते दिसंना. जे न्हाय ते न्हाय म्हणून कळतंय व्हय माणसाला? लोक सांगत्यात तवा कळतंय. आन् लोक बी सांगत न्हाईत, भ्यात्यात." श्वासाचा आवाज आला. "सबू, खरं बोल. तुझ्या डोळ्याला काय झालंय का?"

"न्हाय अम्मा."

"आल्लाशपथ?"

सबिनानं रेंज गेल्यासारखं केलं. हॅलो, हॅलो, म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर वाजला तेव्हा उचलला नाही. तो टेबलावर थरथरत फिरत राहिला आणि ती त्याच्याकडं जिवंत प्राण्याकडं बघावं तशी बघत राहिली.

बैठक त्याच दिवशी होती. विभागप्रमुख खुर्चीवर मागं रेलून बसले होते, बाकीचे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी भिंतीकडेनं. सबिनानं ठरवून टाकलं होतं: तिसरं. टाइप करायचं, वाचायचं. चित्राकडं बघावं लागणार नाही. कुठला अणू कुठं आहे हे खाली अक्षरांत येईल, आणि अक्षरं नजरेच्या मधोमध धरून वाचता येतात. एवढंच कारण होतं. पण तोंडातून भराभर दुसरीच कारणं निघत होती. अचूकता. शिस्त. आज्ञा जपून ठेवता येतात, दुसऱ्यानं त्याच आज्ञा दिल्या तर तेच चित्र मिळतं. ती सगळी खरी कारणं होती आणि तिच्या तोंडी ती सगळी खोटी होती. सम्राट उठला. "मॅडम, पोरांना झेपायचं न्हाय ते," तो म्हणाला. "एम.एस्सी.ची पोरं आज्ञा पाठ करत बसायची का रेणू बघायची? पहिल्यात काय वाईट हाय? तुम्ही म्हणता रेणू गाळतं, पण मी सगळे मोजून बघितलो. एक बी गाळलेला न्हाय." खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. का कुणास ठाऊक, सबिनाला त्या क्षणी असं वाटलं की तिच्या नजरेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे आणि तिला ते दिसत नाहीये, आणि बाकी सगळ्यांना दिसतंय, आणि सगळे सभ्यपणानं गप्प आहेत. "मला वाटतं या विषयातलं मला थोडं जास्त कळतं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य याआधी कधी कुणी ऐकलं नव्हतं. सम्राटचा चेहरा पडला. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं. तिसरं ठरलं.

बैठकीनंतर संयोगिता तिच्या खोलीत आली. बसली नाही. गारगोटीजवळच्या गावची पोर, घरी म्हशींचा गोठा, सुट्टीत गेली की धारा काढून हाताला वळ घेऊन यायची. आली त्या वर्षी मॅडमशिवाय दुसरं नाव तिच्या तोंडात नसायचं. आता ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली. "मला गाईड बदलायचा हाय. विभागप्रमुख सरांशी बोललो मी. तुम्ही हो म्हणालासा तर ते घेतो म्हणालेत." आणि मग, कारण कुणी विचारलं नव्हतं तरी, तिला आवरेना. "मी चारदा केलो ती आकृती. रातभर जागून केलो. घरात आईला म्हणालो, मॅडमना माझं कामच आवडंना झालंय. पाणी हाय मॅडम त्यात. आंधळ्याला दिसंल असं हाय."

सबिनानं टेबलाची कड धरली. तिला वाटलं आता पडणार, पण खुर्चीवर बसलेलं माणूस कुठं पडणार? उत्तरं तयार होती. बदल हवा तर बदल. किंवा, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस. कुठलंही एक म्हटलं की दार बंद होईल, पोर निघून जाईल, आणि तिच्याबरोबर ते लाल ठिपकेही. मग दुसरं कुणी येईल, त्याच्या आकृतीत दुसरं काहीतरी नसेल. अम्माचा आवाज कानात होता, लोक भ्यात्यात. ती स्वतःच भ्याली होती, लोकांना काय नावं ठेवायची. "तुझी आकृती बरोबर आहे," ती म्हणाली. "पहिलीसुद्धा बरोबर होती. मला तिथलं दिसत नाही." संयोगिताला कळलं नाही. "म्हणजे?" "म्हणजे दिसत नाही. तू बोट ठेवलंस काल, तर तुझं नखसुद्धा नव्हतं तिथं. माझ्या आईचे डोळे काचबिंदूनं गेले. मला वाटतं माझेही..." पुढचा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

संयोगिताच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, मग लाज आली; आंधळा हा शब्द तिला आता ऐकू आला असावा. मग एकदम तिचा आवाज चढला, म्हैस खुंट्याला अडकल्यावर चढावा तसा. "मग डॉक्टरला दाखवलासा का?"

"नाही."

"घरात सांगितलासा?"

"नाही."

"आवं मग बसलाय काय हितं? चला. उठा. माझी गाडी हाय खाली."

सबिनाला हे हवंही होतं आणि तिला पळूनही जावंसं वाटत होतं. "उद्या जाऊ," ती म्हणाली. "काय उद्या?" संयोगितानं तिची पर्स उचलली होती. गाडीवर मागं बसल्यावर सबिनानं पोरीच्या खांद्याला धरलं. रस्ता अंगावर येत होता, राजारामपुरीच्या गल्ल्या, बोर्ड, केएमटीची शहर बस घासून गेली. तिनं डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. मिटलेले तिला सहन होईनात.

दवाखान्यात एका पोरसवद्या बाईनं, सगळे तिला मोना म्हणत होते, डोळ्यात थेंब घातले, दाब मोजला आणि काही न बोलता पुढच्या खोलीत नेलं. त्या खोलीत पांढरं अर्धगोल यंत्र होतं, आतून गुळगुळीत, मोठ्या परातीसारखं. हनुवटी टेकवा. उजव्या डोळ्यावर पट्टी. मधल्या पिवळ्या दिव्याकडंच बघायचं, इकडं तिकडं नाही. कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. "नाही दिसला तर?" सबिनानं विचारलं. "तर काही करायचं नाही," मोना म्हणाली आणि खोलीतला दिवा घालवून बाजूला बसली.

सुरुवातीला ठिपके आले. खाली एक, उजवीकडं एक, अंधुक, मग आणखी अंधुक. दरवेळी यंत्राच्या आत बारीक टक् व्हायचं आणि ठिपका यायचा आणि तिचा अंगठा दाबला जायचा. मग टक् झालं आणि काही आलं नाही. पुन्हा टक्. काही नाही. पुन्हा. सबिना पिवळ्या दिव्याकडं बघत राहिली आणि तिला समजलं की तिच्यासमोर या क्षणी ठिपके चमकताहेत, एकामागून एक, स्वच्छ, कुणालाही दिसतील असे, आणि त्यांच्या जागी तिला फक्त ती परातीची पांढरी भिंत दिसते आहे. भीती आता पोटात नव्हती, मानेवर नव्हती. ती खोलीएवढी झाली होती आणि सबिना तिच्या आत हनुवटी टेकवून बसली होती. टक्. तिनं अंगठा दाबला. टक्. दाबला. दर टकला ती दाबत गेली, घामेजलेल्या अंगठ्यानं, एकही चुकू न देता, शाळेतल्या हुशार मुलीसारखी. मोनानं यंत्र थांबवलं. खोलीत उजेड झाला.

"मॅडम, तुम्ही आवाजावर दाबताय," ती म्हणाली. रागावून नाही. "बरेच जण करतात. यंत्र मधनंच ठिपका न दाखवता नुसता आवाज करतंय, त्याला कळतं ते. पहिल्यापासून करू या. जे दिसंल तेवढंच सांगा."

नंतर डॉक्टरांनी कागद समोर ठेवला तेव्हा डाव्या डोळ्याच्या वरच्या भागात काळं पसरलेलं होतं आणि उजव्यात त्याची सुरुवात झालेली होती. गेलेलं परत येणार नाही, ते म्हणाले, राहिलेलं थेंबांनी धरून ठेवता येईल, बहुतेक. आणि मुलीला घेऊन या. अल्ताफ दुकान बंद करून धावत आला, त्यानं तिच्या कपाळावरच्या टेंगळाला हात लावला. पुढच्या आठवड्यात सबिनानं विभागात उभं राहून पहिल्या आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरवरचे आपले शेरे चुकीचे आहेत आणि ते का चुकीचे आहेत हे सांगितलं, सम्राटकडं बघून सांगितलं. पोरांसाठी पहिलं ठरलं आणि तिनं स्वतःपुरतं तिसरं ठेवलं. संयोगितानं गाईड बदलला नाही. नेसरीला मात्र फोन करायला सबिनाला फार दिवस लागले. पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत तेव्हा मोनानं पुन्हा दिवा घालवला, सबिनानं हनुवटी टेकवली, पिवळ्या ठिणगीकडं नजर लावली आणि बटण मुठीत धरलं. खाली ठिपका आला, तिनं दाबलं. उजवीकडं आला, दाबलं. मग टक् झालं. समोर पांढरी भिंत. पुन्हा टक्. अंगठा बटणावर होता, आणि त्या लांबत चाललेल्या शांततेत टक् टक् होत राहिलं, आणि सबिनानं अंगठा हलू दिला नाही.